श्रावणात वाळवण

जून उजाडला की आमच्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाझर फुटतो. बिस्किटाचा पुडा फोडला तर त्याच दिवशी संपवावा लागतो, काडेपेटीची काडी नुसता गुलाचा रेघोटा ओढते आणि पापड डब्यातल्या डब्यात मान टाकतात. याला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे, सादळणं. भिजणं वेगळं आणि सादळणं वेगळं. भिजायला निदान पाणी तरी दिसावं लागतं. सादळणारी वस्तू कोरड्या फडताळात, झाकणाखाली, कुणाला न सांगता मऊ पडते. हे सगळं जन्मापासून माहीत असूनही, पन्नाशी उलटल्यावर, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, डोंबिवलीत, मी साखरेची पंचाहत्तर फुलं वाळवायला घेतली.

कारण आईची पंचाहत्तरी. तिचा जन्म २९ जुलै १९५० चा. त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती, त्यामुळे तिच्या लेखी वाढदिवस तिथीनं येतो आणि २०२५ मध्ये तो १० जुलैलाच होऊन गेला होता. घरच्या घरी औक्षण झालं, तिनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली, विषय संपला. पण नातवंडांना २९ तारीख हवी होती. तारखेला केक लागतो आणि केक म्हटलं की घरात माझ्याकडे बघितलं जातं. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या सोसायटीतला प्रत्येक पुरुष काही ना काही भाजत होता. बाकीचे वेळेवर सावरले. मी त्यातच राहिलो.

केकवर काय करायचं, याचा मला प्रश्नच पडला नाही. आईच्या माहेरी, वाईला, मागच्या दारी प्राजक्त होता. पहाटे परडी घेऊन वेचायला जायचं काम तिच्याकडे असे. झाडाखाली पडलेलं फूल देवाला चालतं असं हे बहुधा एकच, त्यामुळे ओरबाडायचं नाही, फक्त वेचायचं. पडलेला प्राजक्त कधी नीट बघितला आहे का? तो बहुतेक वेळा पालथा पडतो. पांढरं तोंड मातीत आणि केशरी देठ वर. चित्रांत आणि साड्यांच्या काठांवर त्याला नेहमी उताणा दाखवतात, पण ज्यानं तो वेचला आहे त्याच्या डोळ्यांसमोर आधी देठ येतो. मी ठरवलं, फुलं पालथीच करायची. मला सोपं, आणि खरंही.

या कामाला जे लागतं त्याला रॉयल आयसिंग म्हणतात. अंड्याचा पांढरा बलक, वस्त्रगाळ पिठीसाखर आणि लिंबाचे चार थेंब, इतकंच. घोटत राहिलं की आधी चिकासारखं सैल, मग श्रीखंडासारखं आणि शेवटी पळी उचलली की टोक ताठ उभं राहील असं होतं. क्रीम जन्मभर मऊ राहतं, हे मात्र वाळून चिनी मातीसारखं कडक होतं. म्हणून त्याची फुलं, जाळ्या, झालरी करता येतात. त्याचं नाव राणी व्हिक्टोरियाच्या लग्नाशी जोडलं जातं. १० फेब्रुवारी १८४० ला झालेल्या त्या लग्नातला केक सुमारे ३०० पौंडांचा, म्हणजे १३६ किलोंच्या आसपास होता आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र साखरेचा थर होता. पुढे एलिझाबेथचं लग्न २० नोव्हेंबर १९४७ ला झालं, तेव्हा युद्धानंतरचं रेशनिंग चालू होतं. तरी ९ फूट उंच केक उभा राहिला, त्याचा जिन्नस ऑस्ट्रेलियातून बोटीनं आला होता. हे वाचताना माझं लक्ष वैभवाकडे गेलंच नाही. मी महिने बघितले. फेब्रुवारी आणि नोव्हेंबर. दोघींनीही हिवाळ्यात लग्न केलं, शेकोट्या पेटवलेल्या कोरड्या खोल्यांच्या दिवसांत. डोंबिवलीच्या जुलैत लग्न करायचं असतं तर राजवाड्यातल्या आचाऱ्यानं काय केलं असतं, ते मला बघायचं होतं.

त्यात चातुर्मास. आई एरवीही अंडं नाइलाजानं केकमधून खाते, पण आषाढी एकादशी झाली की तेही बंद. यावर तोड आहे आणि ती आपल्याच पातेल्यात असते. काबुली चणे शिजवून उरलेलं पाणी आटवलं की ते बलकासारखं दाट होतं आणि तसंच फेसाळतं. २०१४ साली जोएल रोसेल नावाच्या फ्रेंच गायकानं हा शोध लावला. पुढच्याच वर्षी त्याला ॲक्वाफाबा असं भारदस्त लॅटिन वळणाचं नावही मिळालं. आई म्हणाली, ‘कट आहे तो. नाव काय द्यायचंय त्याला.’ पाव वाटी कट, अर्धा किलो आयसिंग शुगर. भांडं काचेचं, तेही आधी लिंबानं पुसलेलं, कारण तुपातेलाचं बोट जरी लागलं तरी फेस बसतो. वीस मिनिटांत ताठ टोकं उभी राहिली. चण्याचा वास येत होता, साखर पडत गेली तसा तोही गेला.

शुक्रवारी, २५ तारखेला, संध्याकाळी बसलो. श्रावणाचा पहिला दिवस. ताटांवर बटर पेपर चिकटवलेला, पायपिंग बॅगेला बारीक पाकळीचं नोझल. पहिली वीस फुलं लसणाच्या पाकळ्या सांडल्यासारखी दिसत होती, ती मोडून परत भांड्यात टाकली. मग हात बसला. प्राजक्ताच्या पाकळ्या भिंगरीसारख्या एका बाजूला कललेल्या असतात, टोकाशी किंचित चिरलेल्या. पाच ते आठ कितीही. ही मोजणीतली सूट नवशिक्याला फार उपयोगी पडते. नोझल कागदाला टेकवायचं, दाबायचं, मनगट जरासं वळवायचं आणि दाब सोडून उचलायचं. उचलताना दाब राहिला तर पाकळीला शेपूट येतं. मग मध्ये केशरी देठ, टिंब टेकवून वर ओढलेलं. रात्री साडेअकराला मोजली, पंचाहत्तर भरली. जेवणाचं टेबल पांढऱ्या पालथ्या फुलांनी भरलं होतं. मी दिवा मालवायच्या आधी दोनदा परत येऊन बघितलं, हे कबूल करतो.

पुस्तकात लिहिलं होतं, रात्रभर ठेवा.

सकाळी फुलं जशीच्या तशी होती. जशीच्या तशी म्हणजे ओली. बोट टेकवलं तर बोटाबरोबर पाकळी आली. आणि रात्री न झालेली एक गोष्ट झाली होती. देठातला केशरी रंग पांढऱ्यात उतरला होता. प्रत्येक फुलाभोवती पानाची पिंक पडल्यासारखा डाग. आयसिंग लवकर वाळलं तर रंग जागच्या जागी राहतो, ओल रेंगाळली तर तो तिच्याबरोबर हिंडायला निघतो. दिनदर्शिकेवर तारीख होती २६ जुलै. २००५ साली याच तारखेला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि मी ठाण्याहून रुळांवरून चालत घरी आलो होतो. त्या रात्री पाण्याला जितक्या शिव्या दिल्या, त्याहून दोन कमी मी या शनिवारी दिल्या असतील.

आई चहाचा कप घेऊन आली. टेबलाभोवती एक फेरी मारली. चष्मा वर केला.

‘साखर ना ही?’

‘हो.’

‘मग एप्रिलमध्ये का नाही केलीस?’

मी म्हटलं, ‘अगं, वाढदिवस जुलैत आहे.’

‘वाढदिवस जुलैत असेल. वाळवण एप्रिलमध्ये करतात.’

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. तिच्या हातची कुरडई आम्ही पन्नास वर्षं खातो आहोत, आणि ती दिवाळीत तळली म्हणून दिवाळीत कुणी घालत नाही. चैत्र-वैशाखात गच्चीवर जुन्या साड्या पसरायच्या, पहाटे चीक शिजवायचा, सूर्य तापायच्या आत सोऱ्यातून पाडायचा आणि मग कावळे हाकायला पोरं बसवायची. दुपारी कुरडया उलटायच्या, कारण वरून खडखडीत झाली तरी पोटाशी ओल राहते. सांडगे, पापड, साबुदाण्याच्या चकल्या, सगळ्याची पाळी ठरलेली. खायचा दिवस कधीही येवो, वाळायचे दिवस तेच. स्वयंपाकघरातली दुसरी कुठलीही गोष्ट आपण रेटू शकतो. आच वाढवता येते, शिट्टी लवकर काढता येते, पीठ दामटता येतं. वाळण्याला मात्र करणारा नसतो. आपण मांडून ठेवायचं आणि तिथून बाजूला व्हायचं. मराठीत फूल सुकतं, तोंड सुकतं, जखम सुकते, पण पापड वाळतो आणि कपडे वाळतात. सुकण्यात काहीतरी गेल्याची हळहळ आहे. वाळण्यात काहीतरी हाती लागतं. खरा प्राजक्त दहा वाजेपर्यंत सुकतो आणि मी केलेला चोवीस तासांत वाळत नव्हता.

साखरेचं दुखणं असं की ती हवेतलं पाणी ओढून घेते. जुलैत इथल्या हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात असते. अशा हवेत फुलातलं पाणी बाहेर जायचं कुठे? बाहेर आधीच गर्दी. मी पंखा लावला. पंखा वारा देतो, कोरडी हवा देत नाही. तोच दमटपणा तो जास्त वेगानं फुलांवर आणून ओतत होता. फ्रिजचा विचार मुलीनं ऐकताच हाणून पाडला, ‘बाबा, बाहेर काढल्यावर घाम फुटेल त्यांना.’ टेबललॅम्प लावला तर तो एलईडी. वीज वाचवणारा, थंड, सद्गुणी दिवा. मग माळ्यावरून जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब शोधून काढला. ज्या दोषापायी त्याला घराबाहेर काढायचं ठरलं होतं, तो गरम होण्याचा दोषच मला हवा होता. एका ताटाला तो पुरला. ताटं होती पाच.

‘शेगडी असती तर टोपली पालथी घातली असती,’ आई म्हणाली. ‘तू श्रावणातला. तुझी दुपटी मी तशीच वाळवलीत. निखाऱ्यावर राख टाकायची, वर बांबूची टोपली, तिच्यावर दुपटं. धुराचा वास यायचा तुला.’

दुपट्यांवरून ती हलव्यावर गेली, आणि मी काम थांबवून ऐकत बसलो. साखर वाळवून कडक करण्यात आमच्या घरचा हात असा कालचा नाही. संक्रांतीचा काटेरी हलवा ती वाईला आजीजवळ शिकली. शेगडीत राखेखाली दबलेले निखारे, वर परात, परातीत साबुदाणा किंवा खसखस. त्यावर पाक चमच्याचमच्यानं घालायचा आणि बोटांच्या टोकांनी फिरवत राहायचं. एका चमच्याचा पाक दाण्यांवर वाळल्याशिवाय दुसरा घालायचा नाही. घाई केली की गोळा होतो. पोळलेल्या बोटांनी असं पाच-सहा दिवस करायचं, पहाटेच्या थंडीत, दार लावून, कारण काटा फुटायला कोरडी थंडी लागते आणि वारं चालत नाही. जिला काटा नीट फुटायचा, तिच्या हाताचं गावभर नाव. मग त्या हलव्याचे दागिने. माझ्या बायकोच्या पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर तन्मणी, बाजूबंद आणि पाटल्या चढल्या होत्या, सगळं साखरेचं, आईनं रात्री जागून ओवलेलं. मुलीच्या बोरन्हाणाला छोटा मुकुट. म्हणजे हे साखर अंगावर घालणारं घर आहे. आणि आपल्या सणांतला तारखेनं येणारा जवळजवळ एकटा सण संक्रांत, सूर्यावर चालणारा, १४ किंवा १५ जानेवारीला, कोरड्या थंडीच्या दिवसांत. हा योगायोग असेल. मला तो योगायोग वाटत नाही.

तर, डागाळलेली फुलं मुलांनी खाऊन टाकली आणि शनिवारी रात्री मी नव्याने बसलो. या वेळी पांढरं वेगळं आणि देठ वेगळे. दोन्ही वाळल्यावर जोडायचे. घरात एसी एकच, आमच्या झोपायच्या खोलीत. खिडक्यांच्या फटींना टेप लावली, पाचही ताटं पलंगावर मांडली, ड्राय मोड लावून दार ओढून घेतलं. आम्ही दोघं बाहेर सतरंजीवर, पंख्याखाली, घामानं निथळत. बायको अंधारात म्हणाली, ‘फुलं एसीत आणि आपण इथे. आईंच्या पंच्याऐंशीला काय करशील?’ मी झोपल्याचं सोंग घेतलं.

एसीच्या पाण्याची नळी बाल्कनीत येते. सकाळी तिच्याखालची बादली पाऊण भरलेली होती. त्या बादलीकडे मी बराच वेळ बघत उभा राहिलो. एका दहा बाय बाराच्या बंद खोलीच्या हवेत, भिंतींत, गादीत आणि माझ्या फुलांत मिळून एवढं पाणी होतं. फुलांचा त्यातला वाटा चमचाभरही नसेल. तो निघावा म्हणून आधी बाकीचं सगळं निघावं लागतं.

रविवारी पाकळ्यांच्या कडा कडक झाल्या. सोमवारी वरून टिचकी मारली तर टक्क वाजत होतं. मी खुशीत एक फूल उचललं. फूल कागदावरून काढत नाहीत, कागद फुलापासून काढतात. टेबलाच्या कडेला ताट आणून कागद खाली ओढत जायचा, म्हणजे फूल आपलं आपण सुटतं. ते सुटलं आणि पोटाकडून ओलं निघालं. कवच आधी धरलं होतं आणि आतलं पाणी आतच कोंडलं होतं. कुरडईसारखंच. मग एकेक उलटं करत बसलो. पालथा प्राजक्त उताणा करायचा आणि परत एसीत. सात फुलं या उलथापालथीत गेली. देठ अजून चिकटवायचे होते आणि त्या जोडालाही वाळायला एक रात्र लागणार होती. ती रात्र माझ्याकडे नव्हती. उद्या संध्याकाळी मावशी, मामा, शेजारचे, सगळे येणार.

रात्री जेवताना मी आईला सांगून टाकलं, केक होईल, फुलं होणार नाहीत.

तिनं ताकाचा घोट घेतला. ‘उद्या कशाला केक? उद्या नागपंचमी आहे.’

सगळे भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे वळले. २९ जुलै, मंगळवार, नागपंचमी.

‘उद्या काही चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही,’ आई म्हणाली. ‘मी पुरणाची दिंडं उकडणार आहे. केकला सुरी लावायची ती बुधवारी लावा.’

तिला हे केव्हापासून माहीत होतं, असं मी विचारलं नाही. कालनिर्णय रोज सकाळी तीच बघते. शनिवारी ती टेबलाभोवती फेरी मारून गेली, तेव्हा पानावरच्या त्या चौकटीकडे तिची पाठ होती, एवढं मला आठवतं. पाहुण्यांना फोन तिनंच केले. प्रत्येकाला एकच वाक्य, ‘अरे, पंचमी आहे ना.’ पलीकडून कुणीही दुसरा प्रश्न विचारला नाही. साखर वाळत नाही या कारणावर कार्यक्रम पुढे ढकलला असता, तर वर्षभर थट्टा झाली असती.

मंगळवारी तारखेचा वाढदिवस दिंडांवर आणि तुपावर पार पडला. मी दिवसभर देठ जोडले. एकेका फुलाच्या पाठीवर ओल्या आयसिंगचा मोहरीएवढा ठिपका, त्यात केशरी देठ, चिमट्यानं धरून मनात दहा आकडे मोजायचे. रात्री पुन्हा एसी, पुन्हा सतरंजी.

बुधवारी सकाळी ताट हलवलं आणि फुलं वाजली. आवाज बांगड्यांचा म्हणावा तर त्याहून बारीक, हलव्याच्या डब्याचा म्हणावा तर त्याहून कोरडा. केक खजूर आणि गुळाचा, रव्याचा, काळसर. त्याला क्रीम मी मुद्दाम लावलं नाही. लोण्याच्या ओलीनं आयसिंग विरघळतं, आणि मला केक उघडाच हवा होता, पाऊस पडून गेलेल्या अंगणासारखा. पाहुणे चपला काढत होते तेव्हा फुलं मांडली, कारण केकचीही ओल त्यांना चढायला वेळ लागत नाही. पालथी, कुठे दाट, कुठे तुरळक, झाडाखाली पडतात तशी.

आई खुर्चीत बसली आणि तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर मोजली.

‘अडुसष्ट?’ ती म्हणाली. ‘सात वर्षांनी लहान केलंस मला.’

मग सुरी हातात घ्यायच्या आधी तिनं एक फूल देठाला धरून उचललं. अगदी तसंच, अंगठा आणि पहिलं बोट, बाकीची बोटं मिटलेली, आधीच वेचलेली फुलं सांडू नयेत म्हणून मिटतात तशी. तळहात रिकामा होता. तिनं ते तोंडात टाकलं, दाढेखाली घेतलं आणि आम्ही सगळे वाट बघत राहिलो.

‘काटा नाही,’ ती म्हणाली. ‘पण वाजतंय. वाळलंय बरं का.’

तुमच्या घरात कुणाचा वाढदिवस जून ते सप्टेंबरमध्ये येत असेल, तर साखरेची फुलं एप्रिलमध्येच करून ठेवा. पोटाकडूनही वाळली आहेत ना, हे उलटून बघा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून लांब ठेवून द्या. महिनोन्महिने टिकतात. आमच्याकडे कुरडयांच्या डब्याशेजारी आईनं एक डबा रिकामा करून ठेवला आहे.